पोटभर जेवलेलं यीस्ट

सुकदेव बोरसेंची नक्कल करायची तर आधी नाक जरा चोंदल्यासारखं ठेवायचं. मग आवाज खाली घ्यायचा आणि दार आपटू नये म्हणून हाताने धरून लावावं तसं वाक्याच्या शेवटी एक "बरं" लावायचं. "वहिनी, वाटी आणली का बरं? दही मस्त लागलंय बरं." सिल्वासाच्या आमली भागातल्या आमच्या चाळीत या नकलेची अजून फर्माइश होते. सुकदेवकाका इथे नाहीत, तरी होते. पण नुसता आवाज काढून माणूस पुरा होत नाही, म्हणून एकदा सगळं सांगून टाकते.

काका शहाद्याकडचे. बी.एस्सी., मायक्रोबायोलॉजी. सिल्वासात आले ते प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या कारखान्यात, पॅकिंगला. तिथला सुपरवायझर पान चघळत म्हणायचा, "पढाई कीडे की, नौकरी कुर्सी की! वाह रे बोरसे!" काकाही हसायचे. मग मसाटच्या एका लहान कंपनीत प्रयोगशाळेत जागा निघाली आणि काका एकदाचे किड्यांकडे गेले. कोंबड्यांच्या खाद्यात मिसळायचं एक एन्झाइम ती कंपनी बनवायची. म्हणजे कंपनी नाही, कंपनीच्या टाकीतलं यीस्ट बनवायचं. काकांकडे त्या यीस्टचं बाळंतपण होतं.

चाळीत ते आमच्या शेजारच्या खोलीत एकटे राहायचे. बायको कावेरी आणि मुलगी अश्विनी गावी, काकांच्या आईजवळ. आईचं नाव मंजुळाबाई. काका गाव सोडून निघाले तेव्हा तिने स्टीलच्या डबीत विरजण घालून दिलं होतं आणि काकांनी ते कधी मोडू दिलं नाही. आजच्या दह्यातलं चमचाभर उद्याच्या दुधात, उद्याच्यातलं परवाच्या. अख्खी चाळ त्यांच्याकडून विरजण न्यायची. मकानमालक जयंतीभाईसुद्धा वाटी घेऊन यायचे आणि वर वीज फार जाळता म्हणून सुनवायचे, "बोरसेभाई, तमारुं दही एटले दही, पण लाइट बहु बाळो छो!"

काकांची दुसरी खोड अशी की त्यांच्या दारातून कोणी उपाशी जायचं नाही. मीटर बघायला आलेला माणूस, कुरिअरवाला, चुकून दुसऱ्याचं दार वाजवणारा, सगळ्यांना आधी पोहे. नको म्हटलं की काका एकदम गावच्या बोलीत शिरायचे: "उपाशी पोटी कोणले धाडतस का कोणी? बठ. खायी ले."

एकदा संध्याकाळी माझी आई, सरिता तिचं नाव, ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, "भाऊजी, तुम्ही तिथे नक्की करता तरी काय?"

"वहिनी, आमचं यीस्ट लंगडं आहे बरं. मुद्दाम लंगडं केलेलं."

"कोणी मोडला त्याचा पाय?"

"पाय नाही, जीन मोडलाय." काकांनी तांदळात एक बोट रोवून जागा केली. "प्रोटीन बांधायचं तर वीस जातीच्या विटा लागतात. त्यातली एक वीट म्हणजे ल्युसिन. साधं यीस्ट ती घरच्या घरी पाडतं. त्याच्याकडे त्या कामाचे जीन असतात, त्यातला एक ल्यू-टू. आमच्या यीस्टचा नेमका तोच बंद केलाय. म्हणजे ल्युसिन बाहेरून मिळालं तर वाढणार, नाही तर बसून राहणार."

"मग तुम्ही देता."

"नाही देत! तीच तर गंमत आहे बरं. आम्ही त्याच्या पोटात एक बारीक कडं सोडतो. कड्यावर एक धडधाकट ल्यू-टू आणि त्याच्या शेजारी आमच्या एन्झाइमचा जीन. खायला द्यायचं ते बिनल्युसिनचं. ज्याच्याकडे कडं, त्यालाच ल्युसिन पाडता येणार, तोच वाढणार. आणि कडं सांभाळतोय म्हटल्यावर एन्झाइमही बनवणार."

आई म्हणाली, "म्हणजे भाकर हवी तर घागर डोक्यावर घे."

"अगदी!"

"आणि भाकर आयती मिळाली तर?"

"तर घागर टाकून मोकळं होतं, वहिनी. फुकटचं ओझं कोण वाहणार बरं?"

मग काकांना चेव आला. म्हणाले, जगभरच्या प्रयोगशाळा याच युक्तीवर चालतात. यीस्टमध्ये एखादा नवा जीन घातला, तो खरंच आत गेला की नाही हे डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून त्याच्याबरोबर ल्यू-टू पाठवायचा आणि उपास घालायचा. जे उगवलं त्याच्यात गेला. इतका कामाचा जीन, की एका जीवाणूचा ल्युसिनचा जीन मोडलेला होता, त्याच्यात यीस्टचा हा घातला, तर तिथेही काम सुरू.

"परक्याच्या घरी जाऊन स्वयंपाक केला," आई म्हणाली. "माझ्या जावेला सांगा जरा. तिला आपल्या घरी होत नाही."

काका इतके हसले की तांदूळ सांडले.

हे मुद्दाम लिहिलं, कारण पुढे जे झालं ते काकांना माहीत नव्हतं म्हणून झालं असं कोणी म्हणू नये. सगळं माहीत होतं.

त्यांचे साहेब शंतनु सर, पुण्याचे. त्यांची नक्कल सोपी आहे, हनुवटी वर आणि सुरुवातीला "म्हणजे कसंय". होळीच्या सुमारास ते म्हणाले, "म्हणजे कसंय बोरसे, आपल्या व्हायल संपत आल्यात. जपून वापरा." व्हायल म्हणजे बोटाच्या पेरापेक्षा लहान नळ्या, त्यात मूळ यीस्ट गोठवून उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये ठेवलेलं. ते हैदराबादच्या एका कंपनीकडून आणलेलं, एकदाच. नियम असा की प्रत्येक खेपेला टाकी लावायची तर नवी व्हायल फोडायची. आधीच्या खेपेतलं उचलून पुढे चालवायचं नाही.

पण साहेब म्हणाले जपून. आणि जपून म्हटल्यावर सुकदेव मंजुळाबाई बोरसेला काय आठवणार? काकांनी विरजण लावलं. या फ्लास्कमधलं चमचाभर त्या फ्लास्कमध्ये, त्यातलं पुढच्यात. व्हायल फोडायची गरजच नाही! शंतनु सरांनाही ते बरं वाटलं. नाही कोणीच म्हणालं नाही.

उन्हाळ्यात यीस्ट मंदावलं. बिनल्युसिनच्या पाण्यात ते तसंही रडतखडतच वाढतं, त्यात लाइटचा लपंडाव. हे मला नीलेशने सांगितलं. नीलेश काकांच्याच कंपनीत टाक्या धुतो, चाळीत वरच्या खोलीत राहतो, आणि तीन भाषा एका वाक्यात घालतो. तो म्हणाला, "काका रोज फ्लास्क हलवके देखते, अन् मला म्हणते, नीलेश, हे बघ ना, पाय ओढतंय बिचारं." शेवटी काकांनी मटणाच्या रश्श्यासारखा वास येणारी ती तपकिरी पूड उचलली आणि फ्लास्कमध्ये चिमूट टाकली. त्या पुडीत सगळ्या जातीच्या विटा असतात. ल्युसिनही.

दुसऱ्या दिवशी फ्लास्कला फेस.

मग ती चिमूट रोजची झाली. काकांचा हिशेब असा, की बाळपणात खाऊ दे, पुढे मोठ्या टाकीत उपास आहेच, तिथे कडंवाले तेवढे निवडून निघतील. शंतनु सर फ्लास्क उजेडात धरून म्हणाले, "वा बोरसे! म्हणजे कसंय, हाताला गुण लागतो." काका त्या दिवशी चाळीला श्रीखंड वाटत फिरले.

पाऊस सुरू झाल्यावर जुन्या व्हायल खरंच संपल्या आणि नव्या भरायची वेळ आली. काकांनी त्या विरजणातूनच भरल्या. भरण्याआधी यीस्टला पुन्हा पोटभर जेवू घातलं. नीलेशने विचारलं, "आता का? आता तर फ्रीझरमां जावानुं." काका म्हणाले, "म्हणूनच ना. उणे ऐंशीत जातंय बरं. उपाशी पोटी कोणले धाडतस का कोणी?"

नीलेश हे सांगताना पोट धरून हसतो. त्याचं चुकत नाही, ऐकायला मजाच आहे.

गणपतीनंतर टाकी बसली. आत यीस्ट होतं, वास तोच, रंग तोच, पण वाढेना आणि एन्झाइम जवळपास नाही. शंतनु सरांनी पाणी तपासलं, हवा तपासली, नीलेशला दोन वेळा टाकी धुवायला लावली.  काकांनी एका नव्या व्हायलमधलं यीस्ट दोन काचेच्या थाळ्यांवर ओढलं. एक थाळी सगळं जेवण असलेली, दुसरी बिनल्युसिनची. तीन दिवसांनी पहिली थाळी पिठल्यासारखी भरून आलेली. दुसरी तशीच, तोंड बघावं अशी लख्ख.

म्हणजे यीस्टच्या पोटातली कडी गेली होती. आयती भाकर मिळाली आणि पिढ्यामागून पिढ्या घागरी टाकत गेल्या. ज्यांनी टाकल्या ते हलके, म्हणून जोरात वाढले, आणि तोच जोर बघून सगळे खूश होत होते.

काका स्वतःच्या पायांनी शंतनु सरांच्या केबिनमध्ये गेले. दार उघडं होतं, नीलेश बाहेर पोछा मारत होता.

"बोरसे, तुम्हाला माहीत होतं ना?"

"माहीत होतं, सर."

"मग?"

"वाढत नव्हतं, सर. दया आली."

"यीस्टची?"

काकांनी ती लख्ख थाळी त्यांच्या टेबलावर ठेवली.

"अहो, यीस्टची?" शंतनु सरांनी पुन्हा विचारलं. नीलेश म्हणतो, दुसऱ्या वेळी सरांची हनुवटी खाली होती.

हैदराबादवाल्यांनी हात वर केले, करारात एकदाच द्यायचं होतं. मुंबईहून मालक राजेंद्र साहेबांचा फोन आला, तो शंतनु सरांनी स्पीकरवर ठेवला. साहेबांची नक्कल म्हणजे घशात खाकरून इंग्रजी. "लुक, दिवाळीनंतर मी येतोय. त्या यीस्टचा स्ट्रेन परत मिळाला तर वेल अँड गुड. नाहीतर फर्मेंटेशन क्लोज. बाहेरून एन्झाइम घेऊ, आपण फक्त पॅकिंग करू."

आता सगळं एवढ्यावर आलं, की भरलेल्या नव्या व्हायलींमध्ये, त्या लाखो करोडोंमध्ये, एखादं तरी कडं सांभाळलेलं उरलंय का. एक पुरे होतं. बिनल्युसिनच्या थाळीवर एक ठिपका.

काकांना तो ठिपका कंपनीसाठी हवा होता असं मला वाटत नाही. गावी कावेरीकाकूचं आणि मंजुळाबाईंचं पटेनासं झालं होतं. फोन काका ओट्यावर घ्यायचे, म्हणून चाळीला सगळं ऐकू यायचं. काकूचा आवाज बारीक, पण सुरीसारखा कापत जाणारा. "आते या घरमा मी नही राहू शकत. तुम्ही मले कधी लेवाले येतस ते सांगा." काका म्हणायचे, "दिवाळी व्हवू दे, बरं." चाळीच्या मागच्या बाजूला स्वयंपाकघर असलेली मोठी खोली त्यांनी जयंतीभाईंकडे बोलून ठेवली होती. शेगडी आणली होती. अश्विनीसाठी शाळा बघितली होती, मराठी माध्यमाची, बस चाळीपाशी येते ती.

रोज व्हायल फोडायची, थाळ्यांवर ओढायची, वाट बघायची. थाळ्या लख्ख. काका घरी येऊन नुसते बसायचे. एकदा आईने वाटी पुढे केली, तर म्हणाले, "आज दही नाही लावलं, वहिनी."

"अहो, मग विरजण?"

"विरजण आहे. दूध आणायचं राहिलं बरं."

आईने आमच्यातलं दूध नेऊन दिलं. त्यांनी लावलंही. पण दुसऱ्या दिवशी घेऊन जा असं सांगायला आले नाहीत.

दिवाळीच्या तोंडावर, दुपारी, जिन्यातूनच नीलेशचा आरडाओरडा. "उगी गयुं! अरे काकानुं यीस्ट उगी गयुं!" मागून काका, घामाघूम, चप्पल एका पायात नीट नाही. थाळीवर ठिपका आला होता. एकच, पांढरा, मोहरीएवढा. आई हात पुसत बाहेर आली. जयंतीभाई आले. कोणाला काही कळत नव्हतं, तरी सगळे हसत होते.

काकांनी तिथेच ओट्यावर फोन लावला. "कावेरी, ये. अश्विनीले बी लई ये. हा. आतेच."

शंतनु सरांनी त्यांना सकाळीच थांबवलं होतं. "म्हणजे कसंय बोरसे, आधी टेस्ट होऊ द्या."

"सर, बिनल्युसिनच्या थाळीवर उगवलं. म्हणजे ल्यू-टू आहे."

"आहे ना. पण कोणाचा?"

काकांना ते ऐकूच गेलं नाही. नीलेशला गेलं, पण त्यालाही तेव्हा कळलं नाही.

कावेरीकाकू पोरीला घेऊन शहाद्याच्या बसने आली. दोन पिशव्या, एक कळशी आणि लोखंडी तवा. तवा कशाला आणलास, इथे मिळतात, असं आई म्हणाली, तर काकू म्हणाली, "माझ्या माहेरचा आहे. तिथे काहीच ठेवलं नाही मी. सासूबाईंना सांगून आले, आता मेल्याशिवाय या उंबऱ्यावर येणार नाही." आणि लगेच हसली. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी केल्या, चाळीला वाटल्या. अश्विनी दारोदार जाऊन सांगत होती, "आमची खोली तुमच्यापेक्षा मोठी आहे." मी तिला जयंतीभाईंची नक्कल शिकवली. दोन दिवसांत ती माझ्याहून बरी करायला लागली.

टेस्ट अशी, की यीस्टने एन्झाइम बनवलं असेल तर नळीतलं पाणी पिवळं होतं, हळद घातल्यासारखं. ठिपका वाढवून फ्लास्कभर करेपर्यंत काही दिवस गेले. मग नळीत घातला. काका, शंतनु सर, नीलेश, तिघं नळीकडे बघत उभे राहिले. पाणी पाण्यासारखंच राहिलं. काकांनी पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग शंतनु सरांनी सूक्ष्मदर्शकात बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि बाजूला होऊन काकांना जागा दिली.

"आकार बघा, बोरसे. हे आपलं नाही."

ते रानटी यीस्ट होतं. हवेतून कुठून तरी आलेलं. आमच्याकडे थंडीत दुधनीच्या रस्त्यावर ताडी विकायला बसतात, पिकल्या फळावर असतं, कोणाच्या कपड्यावरूनही येतं. नीलेश सगळ्यांसमोर शपथ घेऊन म्हणाला, मी आठवडाभर ताडीला शिवलो नाही. त्याला कोणी विचारलं नव्हतं. रानटी यीस्टचा ल्यू-टू जन्मतःच धडधाकट असतो. त्याला कोणाचं कडं नको, कोणाचं ल्युसिन नको. त्या थाळीवर ते सुखाने जगलं आणि कोंबड्यांच्या एन्झाइमशी त्याचा काही संबंध नव्हता.

काका दोन्ही हात टेबलाला लावून म्हणाले, "पण सर, उगवलं तर होतं बरं."

राजेंद्र साहेब ठरल्यासारखे आले. टाक्या बघितल्या, घसा खाकरला, "बोरसे, यू आर अ गुड मॅन," म्हणाले. फर्मेंटेशन, म्हणजे टाक्यांचं काम, बंद झालं. शंतनु सर पुण्याला परत गेले, त्यांना तिथे जागा होती. नीलेशला पॅकिंगमध्ये घेतलं. काकांनाही घेतील असं नीलेशला वाटलं होतं, पण पॅकिंगला पदवीवाला कशाला, असं साहेब म्हणाले.

काकांनी मसाटमधल्या बाकीच्या कंपन्यांत विचारलं. तोवर गोष्ट त्यांच्या पुढे धावत होती. एका ठिकाणी मुलाखत घेणाऱ्याने नाव ऐकून वर बघितलं. "वो यीस्ट को खाना खिलानेवाले बोरसे आप ही हो?" आणि शेजारच्याला कोपर मारलं. काका म्हणाले, "हां जी." खुर्च्यांच्या कारखान्यातही ते जाऊन आले, पण जुना सुपरवायझर आता तिथे नव्हता.

खोली जयंतीभाईंनी लगेच सोडायला लावली नाही. त्यांनी वाईट वागल्यासारखं काहीच केलं नाही, कोणीच केलं नाही. पण एक दिवस कावेरीकाकूने तवा पिशवीत घातला. आई म्हणाली, "अगं, परत तिथेच?" काकू म्हणाली, "मग कुठे जाऊ?" बारीक आवाज तोच होता, फक्त कापत नव्हता.

निघायच्या सकाळी आई वाटीत दही-साखर घेऊन दारात उभी राहिली. दही आमचं, विरजण त्यांचंच. अश्विनीने तळहात पुढे केला आणि चाटूनपुसून खाल्लं. काकूने घेतलं, खाल्लं, पदराला हात पुसला. आईने काकांपुढे चमचा धरला.

"नको, वहिनी."

"अहो, असं निघताना नाही म्हणू नये. हात करा पुढे."

काकांनी हात मागे बांधले. नाक चोंदलेलं होतं, नेहमीपेक्षा जास्त.

"माले नको. मी उपाशीच जास."

"भाऊजी, तुम्हीच म्हणता ना, उपाशी पोटी कोणाला…"

"म्हणायचो," काका म्हणाले, आणि पुढे "बरं" आलं नाही.

रिक्षात आधी कळशी चढली, मग पिशव्या, मग ते. अश्विनी मागच्या बाजूने तोंड काढून जयंतीभाईंच्या आवाजात ओरडली, "लाइट बहु बाळो छो!" जयंतीभाई हसले नाहीत. रिक्षा पिपरियाच्या वळणाला लागली, तरी आई चमचा तसाच धरून उभी होती.